तिसरा आग्रह

बाउडेट, मिनेसोटा
१२ जानेवारी १९८९

प्रिय सिग्ने,

अनेक आशीर्वाद, आणि आशीर्वादांना टपालखात्याच्या काट्यावर वजन नसल्यामुळे सोबत एक खोका.

आठ दिवसांपूर्वी तुझ्या नवऱ्याने दूरध्वनीवरून ‘मुलगी झाली!’ अशी आरोळी ठोकली, त्या क्षणी प्रस्तुत लेखक कोणतीही परीक्षा न देता आजोबा या पदावर नियुक्त झाला. या पदाची कर्तव्ये कोणती, याविषयी हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या माझे ज्ञान शून्यवत् आहे. तुझी आई असती तर तिने चार ओळींचे पत्र लिहिले असते आणि पत्राच्या आधी स्वतः पोहोचली असती. ती जाऊन चार वर्षे झाली. मी ज्ञानप्राप्तीसाठी समितीला शरण गेलो.

चर्चच्या तळघरात भगिनी मंडळाची असाधारण सभा झाली. बाहेर शून्याखाली तीस अंश, आत मिसेस हॅल्व्हर्सन अध्यक्षस्थानी. वय एक्याऐंशी, आवाज अबाधित.

“आर्विड, लिंबाचा केक घे.”

“नको नको, आत्ताच जेवलो.”

“घे रे, एवढासा तुकडा.”

“खरंच नको.”

“आता घेतोस, की खिशात कोंबू?”

तेव्हा मी दोन तुकडे घेतले. आपल्या गावी पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हणणारा हावरट ठरतो आणि तिसऱ्यालाही ‘नाही’ म्हणणारा गर्विष्ठ, हे तुला सांगायला नको. परंतु टेक्साससारख्या उष्ण प्रदेशात तीन वर्षांत संस्कार वितळण्याचा संभव असतो, म्हणून ही उजळणी.

सभेने ‘नवप्रसूत मातेस अत्यावश्यक वस्तू’ या शीर्षकाची सत्तावीस कलमी यादी एकमताने संमत केली. त्यांपैकी कापडी लंगोट तीन डझन, जस्ताचे मलम, औषध पाजण्याची नळी, अंगावर पाजताना कुशीत घ्यायची उशी आणि स्नानजलाचा तापमापक या वस्तू खोक्यात आहेत. लोकरीचे पायमोजे सहा जोड आणि टोपी एक, ही मंडळाची सप्रेम भेट. मेक्सिकोच्या आखातावर हिमयुग अवतरल्यास तुझी कन्या त्या किनाऱ्यावरील एकमेव सुरक्षित नागरिक असेल.

एक प्रश्न. मी येऊ का? फेब्रुवारीत दोन आठवड्यांची रजा मिळेल. मला अर्भकास स्नान घालता येत नाही. परंतु पाणी तापवण्यात मी निष्णात आहे.

तुझा,
हिमाच्छादित पिता


पोर्ट लवाका, टेक्सास
२१ जानेवारी १९८९

प्रिय बाबा,

खोका मिळाला. तापमापक कुठल्या बाजूने वाचायचा ते क्लेटनला कळेना, म्हणून त्याने आधी तो स्वतःच्या कॉफीत बुडवला. कॉफी ब्रिटाच्या अंघोळीसाठी अयोग्य आहे, असा निष्कर्ष निघाला.

हो, नाव ब्रिटा ठेवलंय. केस आईसारखे, आवाज मिसेस हॅल्व्हर्सनसारखा.

क्लेटन परवा परत समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर गेला. चार आठवडे समुद्रात, एक आठवडा घरी. बाळ झालं म्हणून समुद्र काही सुट्टी देत नाही. आमचं उत्तम चाललंय. बाळ खातं, झोपतं, रडतं. मी त्यातलं एक करते.

इथले लोक प्रेमळ आहेत. शेजारच्या डॉना फे हचिन्स येऊन गेल्या. त्यांचं मासेमारीच्या आमिषाचं दुकान आहे आमच्या घराला लागूनच. त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काही लागतंय का गं, पोरी? बाळाला धरू का थोडं?” मी म्हटलं, “नको नको, आमचं छान चाललंय.” त्या म्हणाल्या, “बरं. लागलं तर हाक मार.” आणि गेल्या. मी दार उघडं धरून उभीच. बाबा, त्या खरंच गेल्या!

तुम्ही कशाला एवढ्या लांब येण्याचा त्रास घेता? मुलांच्या परीक्षा असतील. नका येऊ. आम्ही ठीक आहोत.

तुमची,
सिग्ने


बाउडेट
२९ जानेवारी १९८९

प्रिय सिग्ने,

कॉफीवरील संशोधनाबद्दल जामातांचे अभिनंदन कळव.

तुझ्या शेजारणीचे वर्तन वाचून मी प्रभावित झालो. एकदा पृच्छा करून निघून जाणे, यात केवढा संयम! येथे मी सकाळी वर्तमानपत्र उचलायला बाहेर पडलो, तरी तीन घरांतून तीन-तीनदा कॉफीचा आग्रह होतो आणि सहा नकार आणि तीन कपांनंतर मी वाचनाऐवजी मूत्रविसर्जनास पात्र ठरतो. तुम्ही सुसंस्कृत लोकांत राहता.

सोबतच्या खोक्यात यादीतील कलम आठ ते चौदा: पोटदुखीचा अर्क, नखे कापण्याची कात्री (तिला पाहूनच मला घाम फुटला), ढेकर काढताना खांद्यावर टाकायची फडकी एक डझन आणि किल्ली दिली की आपोआप हलणारा झोका. झोक्याची चाचणी मी पाच किलो बटाट्यांवर घेतली. बटाटे शांत झोपले.

तू जन्मलीस त्या आठवड्याची आठवण झाली. मिसेस हॅल्व्हर्सन मांस-बटाट्याची हॉटडिश घेऊन दारात आल्या. तुझी आई म्हणाली, नको, कशाला. पुन्हा म्हणाली, अहो खरंच नको. तिसऱ्या वेळी मिसेस हॅल्व्हर्सननी भांडे माझ्या हातात दिले, तुला आईच्या हातातून उचलले आणि त्या आत शिरल्या. त्या नऊ दिवसांनी बाहेर पडल्या. तेव्हा मला तो सर्व एक प्रकारचा शिष्टाचाराचा खेळ वाटला होता.

म्हणून पुनश्च विचारतो. येऊ का? परीक्षा माझ्याविनाही होतात; विद्यार्थ्यांना उलट आनंदच होतो. गोठलेल्या तळ्यावर माझी मासेमारीची खोपटी उभी आहे, तीही दोन आठवडे स्वतःची काळजी घेईल.

तुझा,
बटाट्यांचा पाळणेकरी पिता


पोर्ट लवाका
७ फेब्रुवारी १९८९

प्रिय बाबा,

झोका आला. ब्रिटा बटाट्यांइतकी समजूतदार नाही. किल्ली संपण्याचा कट्ट असा आवाज झाला की ती जागी होते. मी आता तो आवाज व्हायच्या आधीच ओळखते.

ती संध्याकाळी पाच ते नऊ रडते. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पोटात वात आहे, तिसऱ्या महिन्यात थांबेल. तिसरा महिना एप्रिलमध्ये संपतो. मी कॅलेंडर पाहिलं.

इथल्या चर्चच्या पाद्रीबाईंनी फोन केला होता. “जेवण पाठवू का?” मी म्हटलं, “नको, घरात भरपूर आहे.” त्या म्हणाल्या, “वा, छान!” क्लेटनचा फलाटावरून फोन आला तेव्हा सांगितलं, तर तो म्हणतो, “अगं, हवं असेल तर हो म्हणायचं. त्यात काय अवघड आहे?” काय सांगणार त्याला. त्याच्या गावात माणसं पहिल्याच वेळी केक घेतात.

तुम्ही नका येऊ, बाबा. खरंच नको. मिनेसोटातून इथवर तीन दिवसांचा प्रवास, आणि घर लहान, पसारा पडलेला. तुम्ही विचारलंत हेच खूप आहे.

पुढच्या पत्राची वाट पाहते. नक्की लिहा. लवकर लिहा.

सिग्ने


बाउडेट
१९ फेब्रुवारी १९८९

प्रिय सिग्ने,

हस्ताक्षर तिरके आहे याचे कारण लेखनाचा पृष्ठभाग तिरका आहे. अधिक तपशील निष्प्रयोजन.

तुझा दोनदा आलेला नकार मी शिरोधार्य मानला. तू विवाहित, स्वतंत्र आणि कर्तृत्ववान स्त्री आहेस. बापाने लुडबुड करू नये. तेव्हा मी येत नाही. येथे कामेही अकल्पितपणे साचली आहेत.

कलम पंधरा ते वीस मिसेस हॅल्व्हर्सन टपालात टाकतील. त्यात एक फिरता चांदोबा आहे. तो पाळण्यावर टांगायचा.

सर्व क्षेम आहे.

तुझा,
पिता


पोर्ट लवाका
१ मार्च १९८९

प्रिय बाबा,

पत्र मिळालं. चांदोबा पण.

बरोबर केलंत. येऊन काय करणार होतात.

भगिनी मंडळाने यादी केली, तशी मीही एक केली आहे. अनुभवाने. मंडळाला वाचून दाखवा.

कपड्यांची टोपली. प्लास्टिकची, कडा उंच असलेली. बाळ त्यातून पडत नाही आणि टोपली जमिनीवर ठेवली की कुठूनच पडत नाही. जमीन ही सगळ्यात सुरक्षित जागा आहे, हे मला आधी माहीत नव्हतं.

कोरडी बिस्किटं. उभ्याने खाता येतात.

दाराची कडी.

गाडी. अंगणातल्या गाडीत बसून काचा वर केल्या की काहीही ऐकू येत नाही. मी मंगळवारी ब्रिटाला टोपलीत ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले. दहा मिनिटं असतील. किल्ली हातात होती. चालू नाही केली. मग परत आले. ती झोपून गेली होती, लाल होऊन. काल पुन्हा बसले. किती वेळ ते पाहिलं नाही.

तापमापक चांगला आहे. त्यात पारा वर जातो आणि खाली येतो, ते बघत बसते.

डॉना फे कुंपणापलीकडून हात करतात. मी हात करते. त्यांनी जानेवारीत विचारलं ते तेवढंच. इथे एकदाच विचारतात, बाबा. तुम्ही दोनदा विचारलंत, ते पुष्कळच झालं.

ब्रिटा ठीक आहे. वजन वाढतंय. सगळं ठीक आहे.

सिग्ने


बाउडेट
६ मार्च १९८९

श्रीमती डॉना फे हचिन्स यांस,
आमिषाचे दुकान, पोर्ट लवाका

महोदया,

आपला आणि माझा परिचय नाही. मी आपल्या शेजारच्या घरातील सिग्नेचा पिता. माझ्या कन्येच्या मते मी चार शब्दांचे काम चाळीस शब्दांत करतो. हा दोष मी आज आवरण्याचा प्रयत्न करीन, परंतु भीती वाटली की माझी वाक्ये लांबतात, म्हणून आगाऊ क्षमा.

आम्हा लोकांत एक रीत आहे. कोणी काही देऊ केले तर प्रथम ‘नको’ म्हणायचे. दुसऱ्यांदाही ‘नको’च म्हणायचे. देणाऱ्याने तिसऱ्यांदा आग्रह केला, की घ्यायचे. दोन्ही नकारांचा अर्थ ‘कृपया पुन्हा विचारा’ एवढाच असतो. हे आम्ही कोणास शिकवत नाही, कारण येथे ज्याला हे ठाऊक नाही असा मनुष्य भेटत नाही.

आपण जानेवारीत तिला विचारलेत. ती ‘आमचं छान चाललंय’ म्हणाली. आपण तिचा शब्द खरा मानलात आणि परतलात. आपली काहीही चूक नाही. ती दार उघडे धरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत उभी होती.

माझी चूक मात्र आहे. मी दोनदा विचारले. तिसऱ्या वेळेआधी, अकरा फेब्रुवारीस, मी तळ्यावरच्या बर्फात घसरलो. आता एक पाय घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि हे ती जाणत नाही. बाळंतिणीला काळजी नको, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण क्षुद्र आहे. तिसऱ्यांदा ‘येऊ का’ विचारले असते, तर ती ‘हो’ म्हणाली असती, आणि मला जाता आले नसते. म्हणून मी विचारलेच नाही. ‘कामे साचली आहेत’ असे लिहिले. खोके पाठवत राहिलो. जगात मातेला लागणाऱ्या सत्तावीस वस्तू आहेत, असे आम्ही ठरवले होते.

तिचे शेवटचे पत्र आले तेव्हा मी दूरध्वनी केला. ‘कशी आहेस?’ ‘ठीक.’ पाठीमागे मूल रडत होते आणि नळ वाहत होता. मी पुन्हा विचारले, पुन्हा ‘ठीक’. तिचा नवरा अजून सतरा दिवस समुद्रात आहे. कंपनीला निरोप दिला आहे; आपला दूरध्वनी क्रमांक मिळाला नाही, म्हणून हे पत्र जलद टपालाने. येथे या पत्रलेखकापाशी शब्द विपुल आहेत आणि पाय एक.

ती मुलाला टोपलीत ठेवते आणि अंगणातल्या गाडीत, किल्ली हातात घेऊन, बसते.

कृपा करून आजच जा. ती ‘नको’ म्हणेल. पुन्हा विचारा. ती पुन्हा ‘नको’ म्हणेल, बहुधा हसून. तेव्हा निघू नका. तिसऱ्यांदा विचारा.

आपला अपरिचित,
आर्विड टॉलेफसन


पोर्ट लवाका
१४ मार्च १९८९

मिस्टर टॉलेफसन,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. ती गाडीची ओळ वाचली आणि दुकानाला कुलूप न लावताच निघाले. कोळंबी विकत घ्यायला आलेला एक माणूस तसाच उभा राहिला. राहू दे.

मला वाटायचं, ही उत्तरेकडची पोरगी, यांना दारं लावून राहायला आवडतं. दोन महिने मी कुंपणावरून हात करत होते. मूर्खासारखी.

ती गाडीत होती. मी काचेवर टकटक केली. तिने काच खाली केली.

मी म्हटलं, “मी बाळाला घेते गं.”

“नको, डॉना फे, थँक्यू. जरा हवा खात होते.” काचा बंद करून हवा!

मी म्हटलं, “मी घेते, तू पड जरा.”

ती हसली. तुम्ही सांगितलं होतंत तशीच. “खरंच नको हो. आम्ही ठीक आहोत.”

खरं सांगते, मिस्टर टॉलेफसन, आमच्यात दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे अपमान. माझी जीभ रेटेना. तरी म्हटलं, “सिग्ने, आता किल्ली दे आणि उतर. पोर कुठाय?”

तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. उतरली आणि तिथेच, गाडीच्या चाकाला टेकून, खाली बसली. मी आत गेले, पोरीला टोपलीतून उचललं, ओली चिंब होती बिचारी. बाहेर आले तर ही तशीच. “किती वेळा विचारावं लागतं गं तुला?” तर म्हणते, “तीन.” आणि मग रडायला लागली ती थांबेचना.

तिला माझ्या दुकानामागच्या खोलीत निजवलं. आमिषाचा वास येतो, शीतपेटी घरघरते, पण ती सहा तास हलली नाही. पोर माझ्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हे बाळंतपणानंतरचं आजारपण आहे, खरंखुरं, लाजण्यासारखं काही नाही, आणि एका रात्रीत उतरणारंही नाही. औषध दिलंय. तिला एकटीला ठेवायचं नाही म्हणाल्या. क्लेटनच्या कंपनीने त्याला सोडलंय, परवा येतोय. तोवर दोघी माझ्याकडे.

तुम्हाला खोटं कशाला सांगू. ती अजून भिंतीकडे बघत बसते. काल पोर तिच्याकडे दिली, तर म्हणाली, “आत्ता नको.” मी तीनदा विचारलं, तरी नकोच. तेव्हा तुमची रीत सगळीकडे लागू होत नाही.

पायाचं मी तिला सांगून टाकलं. बापलेक दोघंही सारखीच.

डॉना फे

ता. क. सफरचंदाच्या पायच्या तुकड्यालाही तीनदा विचारायचं का? तेवढं कळवा. माझा पाय थंड होतो तोवर. खायचा पाय म्हणते, तुमचा नाही.


पोर्ट लवाका
२२ मार्च १९८९

बाबा,

तुमचा पाय मोडल्याचं मला आमिष विकणाऱ्या बाईकडून कळलं.

मी रोज पत्रपेटीपाशी उभी राहायचे. तिसऱ्यांदा विचाराल म्हणून. हो लिहायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं.

औषध घेते. क्लेटन आलाय. तो स्वयंपाक करतो आणि प्रत्येक गोष्टीत बुडवून तापमापक बघतो. ब्रिटा अजून पाच ते नऊ रडते. कधी तिला घ्यावंसं वाटतं, कधी नाही. घ्यावंसं नाही वाटलं की मोठ्याने सांगायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. मी सांगते. कोणीतरी घेतं.

क्लेटन चौदा एप्रिलला परत समुद्रावर जाणार.

बाबा, या. मी एकदाच विचारते आहे. मला तीनदा विचारायची ताकद नाही.

सिग्ने


बाउडेट
२७ मार्च १९८९

प्रिय सिग्ने,

तुझे निमंत्रण पोहोचले.

डॉक्टरांचे मत असे की प्लास्टर मे महिन्यापर्यंत उतरणार नाही. मी उभ्याने मुलाला धरू नये, जिने चढू नयेत, अंघोळीचे पाणी उचलू नये. म्हणजे माझे एकमेव कौशल्यही बाद झाले. मिसेस हॅल्व्हर्सन म्हणाल्या, “तिथे जाऊन तू नुसता ओझं होशील, आर्विड.” बहुधा होईन. तू जे सोसते आहेस त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही, एवढे मला आता कळले आहे. हे लिहिताना विनोद सुचला नाही, याची नोंद घ्यावी.

परंतु खुर्चीत बसवले, तर मी बसून राहू शकतो. पाच ते नऊ. ती रडेल, मी धरीन.

आता रीत. दोनदा नकार देणे मला क्रमप्राप्त आहे; तुझ्या शक्तीचा अपव्यय नको म्हणून तो विधी मी येथेच उरकतो. नको गं, कशाला. अगं, खरंच नको.

अकरा एप्रिलच्या बसचे तिकीट काढले आहे. खोका आणत नाही. मांडी एक आणतो; दुसरी प्लास्टरमध्ये आहे.

बाबा